पन्नास हजार घेऊन सही करून देऊ का?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून त्याचा सारांश देते.

२०२१ मध्ये पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात त्यांचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. ताईंनी स्वतःची पोटगी सोडली. मुलीसाठी दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत ८,००० रुपये आणि शाळेच्या फीचा अर्धा वाटा वडिलांनी द्यायचा, असं संमतीच्या अटींत ठरलं. मुलगी आता पाचवीत आहे. ती आईजवळ, आजोळी राहते आणि महिन्यातले दोन रविवार वडिलांकडे जाते. वडील चाकणजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. २०२३ च्या दिवाळीपर्यंत पैसे वेळेवर आले. मग त्यांचं दुसरं लग्न झालं आणि पैसे थांबले. डिसेंबर २०२३ ते जून २०२५ या काळात तीन वेळा मिळून १२,००० आले. विचारलं की "ओव्हरटाइम बंद आहे", "फ्लॅटचा हप्ता आहे", "पोरीला सायकल घेतली ती धर त्यात" अशी उत्तरं येतात. ताईंना लॅबमधल्या नोकरीचे १४,००० मिळतात. फी त्यांच्या वडिलांच्या पेन्शनमधून भरली जाते.

आता मामांनी मध्ये पडून तोडगा काढला आहे. मुलीचे वडील ५०,००० एकरकमी देतील, ताईंनी पाचशेच्या स्टॅम्पवर "मागचं काही येणं नाही" असं लिहून द्यायचं. भाऊ म्हणतो, घे आणि मोकळी हो. आई म्हणते, पैसे येईपर्यंत पोरीला पाठवूच नको. ओळखीच्या एकांनी सांगितलं की वर्षापलीकडची थकबाकी तशीही बुडालेली असते. मुलीने घरातलं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "सायकल पप्पांना परत देऊया का?" ताई लिहितात, "एकूण लाखभर तरी असतील. पण मलाच आता मागायची लाज वाटते. मी माझे पैसे सोडले, मग हे कशाला ओढत बसू? आणि त्यांना पोलिसांनी नेलं तर मुलगी मला माफ करेल का?"

प्रिय ताई,

त्या स्टॅम्पवर सही करू नका. बाकीचं सविस्तर बोलूच, पण मामा घाईत असतील, म्हणून हे आधी लिहिते.

पन्नास हजार नाकारा असं मी म्हणत नाही. देत असतील तर जरूर घ्या. थेट बँकेत जमा करायला सांगा आणि पोच देताना एवढंच लिहा: "मुलीच्या पोटगीच्या थकबाकीपोटी ५०,००० रुपये मिळाले. उरलेली रक्कम येणे आहे." पैसे घेणं आणि बाकीच्या रकमेवर पाणी सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, मामांच्या कागदाने ती एकत्र बांधली आहेत. मुलीच्या वडिलांची खरंच द्यायची तयारी असेल तर ते या पोचीवरही देतील. नाही दिले, तर तेही तुम्हाला लवकर कळलेलं बरं.

आता हिशेब. "लाखभर तरी असतील" असं तुम्ही लिहिलंय, आणि एवढ्या अंदाजावर तुम्ही पन्नास हजारांचा विचार करत होतात. एक शंभर पानी वही घ्या आणि रकाने आखा: महिना, देय, जमा, कसे आले, बाकी. ओळ अशी दिसली पाहिजे: "मे २०२४, देय ८,०००, जमा ३,०००, गुगल पे, १७ तारीख, बाकी ५,०००." डिसेंबर २०२३ ते जून २०२५ हे एकोणीस महिने झाले. त्यांचे १,५२,०००. आलेले १२,००० वजा केले की १,४०,०००. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या पावत्यांवरून फीचा अर्धा वाटा गेल्या वर्षीचा १३,००० आणि यंदाचा १४,०००. एकूण १,६७,०००. मामा ज्याला तोडगा म्हणताहेत, त्यात मुलीचे १,१७,००० सोडून द्यायचे आहेत. बैठकीला जाताना ही वही घेऊन जा आणि मामांना ती स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. मध्यस्थी करणाऱ्या माणसांपुढे आकडा ठेवला गेला नाही की ती दोन्ही बाजूंचं ऐकून मधलं काहीतरी सुचवतात. त्यात त्यांचा वाईट हेतू असतो असं नाही.

सायकल या हिशेबात येत नाही. बापाने लेकीला वाढदिवसाला दिलेली वस्तू ही भेट आहे. कपडे, हॉटेल, जत्रेतली खेळणी, सगळ्याला हेच लागू. हुकूमनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम आदेशात, दर महिन्याची रक्कम लिहिलेली असते, तिच्याऐवजी काय द्यायचं हे देणाऱ्याने परस्पर ठरवायचं नसतं. मात्र त्यांनी कधी थेट शाळेत फी भरली असेल, तर ती जमेच्या बाजूला प्रामाणिकपणे दाखवा. तुमच्या वहीत एक नोंद जरी लपवलेली सापडली, तर समोरचे वकील तीच धरून बसतील आणि बाकीच्या खऱ्या नोंदींवरही शंका घेतली जाईल.

तुम्हाला वाटणाऱ्या लाजेबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय. तुम्ही तुमची पोटगी सोडलीत, तो तुमचा निर्णय होता आणि तो घेण्याचा तुम्हाला अधिकार होता. मुलीची पोटगी मुलीची आहे. तुम्ही ती तिच्या वतीने घेता आणि तिच्यावर खर्च करता. आईने परस्पर लिहून दिलं म्हणून अल्पवयीन मुलाचा हक्क संपला, असं न्यायालयं मानत नाहीत. म्हणून तो स्टॅम्पपेपर कायद्याच्या दृष्टीने लंगडाच ठरेल. पण तो त्यांच्या हातात असला, तर प्रत्येक तारखेला तोच पुढे केला जाईल आणि तुमची शक्ती त्याला उत्तर देण्यात जाईल.

आणि एक गोष्ट तुमच्या घरातल्या कुणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. हे १,६७,००० खर्च झालेले आहेत. मुलीची फी भरली गेली, तिचं दूध, गणवेश, तापातलं औषध, सगळं झालं. फक्त वडिलांच्या वाट्याचा खर्च तिच्या आजोबांच्या पेन्शनमधून झाला. तुम्ही "सोडून देऊ" म्हणता तेव्हा ती रक्कम हवेत जात नाही, ती तुमच्या वडिलांच्या अंगावर पडते. भाऊ "मोकळी हो" म्हणतो, त्याला हे एकदा शांतपणे सांगा. तुम्ही याचना करत नाही आहात, घरच्यांनी आधीच भरलेल्या पैशांची वसुली मागताय.

आईंचं म्हणणं समजतं. लेकीची ओढाताण बघून कुठल्याही आईला तसंच वाटेल. पण भेटी थांबवू नका. त्या दोन रविवारी मुलगी आपल्या वडिलांना भेटते, आणि तो तिचा स्वतंत्र हक्क आहे. पोटगी दिली नाही म्हणून भेट बंद करता येत नाही, तसंच भेट मिळत नाही म्हणून पोटगी बंद करता येत नाही. संमतीच्या अटींमध्ये दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत. आज अटी मोडणारे एकटे ते आहेत. भेट थांबवलीत की त्या मोडणाऱ्या तुम्हीही व्हाल, त्यांच्या वकिलांना अर्ज करायला कारण मिळेल आणि १,६७,००० बाजूला पडून सगळी चर्चा त्या चुकलेल्या रविवारांवर जाईल.

मुलीला एवढंच सांगा की सायकल तुझी आहे आणि पैशाचं आम्ही मोठी माणसं बघतोय. "पप्पांना विचार कधी देणार" असा निरोप तिच्याबरोबर कधीही पाठवू नका, आजीलाही पाठवू देऊ नका. तिला आणायला-सोडायला जाल तेव्हा दारात पैशाचा विषय काढू नका. तो विषय व्हॉट्सअॅपवर लिहून काढा, म्हणजे मुलीच्या कानावर पडणार नाही आणि तुमच्याकडे पुरावाही राहील.

आता त्या "एका वर्षा"बद्दल. ओळखीच्यांनी सांगितलेलं अगदी निराधार नाही, पण ते तुम्हाला लागू होत नाही. इथे बऱ्याच वाचकांचा घोटाळा होतो, म्हणून नीट सांगते.

पोटगीचा आदेश वेगवेगळ्या कायद्यांखाली झालेला असू शकतो आणि वसुलीची वाट त्यावर ठरते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ सगळ्यांना माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. ते कुठल्याही धर्माच्या कुटुंबाला लागू आहे. त्या आदेशाखालची रक्कम थकली की वसुलीचं वॉरंट निघतं, आणि तरीही भरली नाही तर कैद होऊ शकते. पण या वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ओळखीच्यांच्या डोक्यात हेच असणार. तिथेही हक्क बुडत नाही. वर्षाची अट फक्त त्या एका वाटेपुरती आहे आणि जुनी थकबाकी दुसऱ्या मार्गाने मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पूनगोडी विरुद्ध तंगवेल या निकालात स्पष्ट केलं. त्याआधी २००५ मध्ये शांता विरुद्ध शिवनंजप्पा प्रकरणात, मुळात अर्ज मुदतीत झालेला असेल तर पुढच्या महिन्यांची थकबाकी त्यातच मागता येते, दर वेळी नवा अर्ज लागत नाही, असंही न्यायालयाने म्हटलं. तेव्हा ज्या वाचकांचा आदेश कलम १२५ किंवा १४४ खाली आहे, त्यांनी थकलेला सगळ्यात जुना महिना शोधावा आणि त्याला वर्ष पूर्ण व्हायच्या आत अर्ज दाखल करावा. "पुढच्या महिन्यात देतो" या आश्वासनावर वर्ष कसं निघून जातं ते कळत नाही.

तुमच्याकडे मात्र हिंदू विवाह कायद्याखालचा संमतीचा हुकूमनामा आहे. त्याची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी, दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून होते. त्याची मुदत बारा वर्षांची आहे आणि हप्त्याने द्यायच्या रकमेत प्रत्येक हप्त्याची मुदत तो चुकला त्या तारखेपासून मोजतात. डिसेंबर २०२३ चा पहिला थकलेला हप्तासुद्धा सुरक्षित आहे. वर्षाच्या भीतीने कुणाच्याही कागदावर सही करायचं कारण नाही.

पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देण्याचा विचारही करू नका. पोटगी थकवणं हा पोलिसांनी परस्पर गुन्हा नोंदवण्याचा विषय नाही, तुम्हाला तिथून कोर्टात जा असंच सांगतील. पोलीस येतात ते न्यायालयाचं वॉरंट बजावायला.

आणि इथेच तुमच्या मनातल्या सगळ्यात मोठ्या भीतीचं उत्तर आहे. दरखास्तीच्या अर्जात रक्कम कोणत्या मार्गाने वसूल करून हवी, हे अर्जदारालाच लिहावं लागतं. अटक मागितलीच पाहिजे असं नाही. तुम्ही फक्त पगारजप्ती मागू शकता, आणि तुमच्या बाबतीत मी तेच सुचवेन. दिवाणी दरखास्तीत अटकही सहजासहजी होत नाही. ऐपत असून माणूस देत नाही, याची न्यायालयाला खात्री पटावी लागते, त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळते. कलम १२५ च्या प्रकरणांत कैदेची शक्यता जास्त असते, पण तिथेही पैसे भरले की सुटका होते. आणि तुरुंगात जाऊन आलं की देणं फिटलं, हा समज चुकीचा आहे. कैद हा वसुलीसाठी दबाव आणण्याचा मार्ग आहे, तिच्यामुळे रक्कम माफ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर प्रकरणात सांगितलेलं आहे.

पगारजप्तीचा आदेश थेट कारखान्याच्या व्यवस्थापनाकडे जातो. इतर कर्जांच्या वसुलीत पगाराचा मोठा भाग कायद्याने सुरक्षित ठेवलेला असतो. पोटगीच्या हुकूमनाम्याला वेगळा नियम आहे: पगाराचा एक तृतीयांश भाग तेवढा सोडून बाकीच्यावर जप्ती येऊ शकते. न्यायालय प्रत्यक्षात परिस्थिती बघून रक्कम ठरवतं. आदेश मिळूनही कंपनीने ती कापली नाही आणि पूर्ण पगार देऊन टाकला, तर जबाबदारी कंपनीवर येते, त्यामुळे कंपन्या सहसा टाळाटाळ करत नाहीत. मुलीला काही दिसत नाही, दारात कुणी येत नाही.

यात एक धोका आहे आणि तो तोलूनच पाऊल टाका. ते कायम कामगार आहेत की कंत्राटदारामार्फत आहेत? कायम असतील तर पगारजप्ती हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग. कंत्राटावर असतील, तर कोर्टाचा कागद आला म्हणून काम सुटायची भीती असते, किंवा ते स्वतःच काम बदलून पत्ता लागू देणार नाहीत. अशा वेळी बँक खात्यावरच्या जप्तीची मागणी सोबत ठेवावी. जुन्या जमा नोंदींवरून त्यांचं खातं कोणत्या बँकेत आहे ते तुमच्या पासबुकात दिसेल.

उत्पन्नाबद्दल तुम्ही "माझ्याकडे काहीच पुरावा नाही" असं लिहिलंय. आहे. "फ्लॅटचा हप्ता आहे" हा त्यांचाच संदेश तुमच्या फोनमध्ये आहे. बँक कुणालाही उत्पन्नाचे कागद बघितल्याशिवाय गृहकर्ज देत नाही. म्हणजे त्यांची पगाराची पत्रकं बँकेत आहेत आणि न्यायालय ती मागवू शकतं. फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, गावाकडे त्यांच्या नावावर जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ महाभूमीवर बघता येतात. तो फोन विकू नका, बिघडला तरी जपून ठेवा. मोबाईलवरचे संदेश पुरावा म्हणून देताना सोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करतील.

शिवाय त्यांनाच शपथेवर सांगायला लावता येतं. दरखास्तीत न्यायालय देणेकऱ्याला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला सांगू शकतं. आदेश होऊनही ते दिलं नाही, तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे. पोटगीचे दावे अजून चालू असलेल्या वाचकांसाठी सांगते: ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. ते प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं होतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, हेही त्याच निकालात ठरलं. तुमच्या वकिलांनी हे प्रतिज्ञापत्र मागितलं नसेल, तर तुम्ही मागायला सांगा.

दुसऱ्या लग्नाचं कारण चालणार नाही. नवा संसार मांडल्याने पहिल्या मुलीची जबाबदारी कमी होत नाही. ओव्हरटाइम बंद झाला असेल, पगार खरोखर घटला असेल, तर त्यांनी न्यायालयात जाऊन रक्कम कमी करून मागायची होती. तसा आदेश होईपर्यंत ८,००० म्हणजे ८,०००च. पोटगी देणारे काही वडील, आणि काही आयाही, हे सदर वाचतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नोकरी गेली, आजारपण आलं, तर त्याच महिन्यात अर्ज करा. गप्प बसून थकवत राहिलात, तर पुढे खरी अडचणही कुणाला खरी वाटत नाही.

मामांना तोडून टाकू नका, त्यांचा उपयोग करून घ्या. दोन्ही घरं ज्यांचं ऐकतात असा माणूस सगळ्यांना मिळत नाही. त्यांना दुसरा प्रस्ताव द्या. ५०,००० आता. उरलेले १,१७,००० दर महिन्याला ६,५०० प्रमाणे अठरा महिन्यांत. चालू महिन्याचे ८,००० त्याशिवाय, बँकेत स्थायी सूचना देऊन, म्हणजे दर पाच तारखेला आपोआप जमा होतील. दोन हप्ते चुकले तर बाकी सगळी रक्कम एकदम देय. महिन्याला १४,५०० त्यांना जड वाटले, तर मुदत वाढवून चोवीस महिने करा, त्याला माझी हरकत नाही. मूळ रक्कम मात्र कमी करू नका आणि चालू ८,००० थकबाकीत मिसळू देऊ नका. नाहीतर सहा महिन्यांनी कुठले पैसे कशाचे, हे कुणालाच सांगता येत नाही.

ही तडजोड स्टॅम्पपेपरवर करू नका, न्यायालयात करा. आधी दरखास्त, मग तडजोड, या मताची मी आहे. दरखास्त दाखल झाली की त्यातच दोघांच्या सहीची पुरसिस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) देता येते, लोकअदालतीतही प्रकरण ठेवता येतं. मग हप्ता चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मामांना हे कोर्टबाजी वाटेल. त्यांना सांगा की बोलणं घरातच होऊ द्या, फक्त कागद तिथे ठेवू.

खर्चाची काळजी तुम्ही दोनदा लिहिली आहे. स्त्रिया आणि मुलं यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तुमच्या तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, साताऱ्यात आणि पुण्यात जिल्हा प्राधिकरण आहे. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक. महाराष्ट्रात पोटगीच्या प्रकरणांत महिलांना कोर्ट फीही माफ आहे.

जाताना हुकूमनाम्याची आणि संमतीच्या अटींची सहीशिक्क्याची नक्कल न्या. साधी झेरॉक्स दरखास्तीला चालत नाही. नसेल तर पुण्याच्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून आधी ती काढा. ती हातात आली की निम्मं काम मार्गी लागतं. सोबत ती वही, पासबुक, फीच्या पावत्या, शाळेचा बोनाफाईड दाखला. त्यांच्या घराच्या पत्त्यासोबत कारखान्याचा पत्ताही अर्जात द्या, कारण घरी गेलेली नोटीस "दार बंद" अशा शेऱ्याने परत येते आणि तारीख पुढे जाते. प्रत्येक तारखेला तुम्ही पुण्याला जायची गरज नसते, वकील हजर राहू शकतात. जिथे तुमची गरज असेल, तिथे व्हिडिओवरून हजर राहण्याची परवानगी मागता येते. लॅबमधली रजा त्या दोन-तीन महत्त्वाच्या तारखांसाठी ठेवा. प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) वकिलांकडून लिहून घ्या आणि ई-कोर्ट्स अॅपवर पुढची तारीख आणि झालेला आदेश स्वतः बघत जा. ज्यांच्या प्रकरणात वॉरंट निघालंय, त्यांनी ते कोणत्या पोलीस ठाण्याकडे कोणत्या जावक क्रमांकाने गेलं ते विचारून घ्यावं. वॉरंट ठाण्यात नुसतं पडून राहतं आणि कुणी विचारायला जात नाही, असं फार वेळा होतं.

वेळ लागेल. काही महिने तर नक्कीच. हे आधीच सांगते, म्हणजे दुसऱ्या तारखेला खचायला होणार नाही.

२०२१ मध्ये ठरलेले ८,००० आज पुरत नाहीत, हे तुमच्या पत्रातल्या खर्चाच्या यादीवरून दिसतंच आहे. मुलाच्या गरजा वाढल्या की रक्कम वाढवून मागता येते, पण त्याचा अर्ज वेगळा असतो. तो वसुलीत मिसळू नका. आधी थकबाकी मार्गी लावा, मग यंदाच्या खर्चाचे कागद जोडून वाढीचा अर्ज करा. मुलगी अठरा वर्षांची झाली की सगळं संपलं, असंही नाही. तोवरची थकबाकी तशीच राहते, आणि लग्न न झालेल्या, स्वतःचा खर्च स्वतः भागवू न शकणाऱ्या मुलीला हिंदू दत्तक व पोषण कायद्याच्या कलम २० खाली वडिलांकडून पुढेही खर्च मागता येतो.

आज रात्री मुलगी झोपल्यावर त्यांना एक संदेश पाठवा. रागाचा शब्द नको, जुनं काही नको. असा: "डिसेंबर २०२३ ते जून २०२५ ची पोटगी आणि फीचा अर्धा वाटा मिळून १,६७,००० रुपये येणे आहेत. महिन्यावार हिशेब सोबत पाठवला आहे. त्यात काही चूक वाटत असेल तर कळवा. ५०,००० थकबाकीपोटी खात्यात जमा करावेत, उरलेल्या रकमेचे हप्ते न्यायालयात लिहून घेऊ. पंधरा दिवसांत उत्तर द्यावं. रविवारच्या भेटी ठरल्याप्रमाणे चालू राहतील." वहीच्या पानांचे फोटो सोबत जोडा. त्याच मजकुराची नोटीस वकिलांकरवी स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, घरच्या आणि कारखान्याच्या अशा दोन्ही पत्त्यांवर जाऊ द्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं तर मामांना घेऊन बोलायला बसा, नाही आलं तर सोळाव्या दिवशी दरखास्त दाखल करायला सांगा.